तयार कान

सकाळी दाढी करताना जुनी गाणी म्हणायचा माझा वर्षानुवर्षांचा नेम. आणि मी पहिली ओळ उचलली रे उचलली, की स्वयंपाकघरात सूनबाई तिची आजकालची गाणी लावायची. मी आवाज चढवला की तीही चढवायची.

"ना सूर, ना शब्द, नुसता धांगडधिंगा!" मी बाथरूममधून ओरडायचो. "माझा कान तयार आहे ना, म्हणून त्रास होतो. आमच्या काळच्या गाण्यांची गोडी तुम्हाला काय कळणार!"

"हो ना, बाबा," ती म्हणायची. आवाज मात्र तसूभर कमी करायची नाही.

शेवटी मुलाने मला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि माझ्या त्या तयार कानात मशीन बसलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने गाणी लावलीच नाहीत. म्हणाली, "नवीन मशीन आहे, बाबांना उगाच त्रास नको." मला भरून आलं. गालाला फेस लावला, घसा खाकरला आणि माझी सगळ्यात आवडती ओळ मोकळ्या गळ्याने उचलली.

कुठेतरी गंजलेली बिजागरी करकरली. दार हलवून बघितलं, तर ते बिचारं गप्प. पुन्हा गायलो, पुन्हा करकर. मी थांबलो, तशी करकरही थांबली.

फेसाळलेल्या तोंडाने मी आरशात स्वतःकडे बघतच राहिलो.

 

"सूनबाई, अगं, ती तुझी नवी गाणी लाव ना जरा... मोठ्याने लाव!"