माणिक टेलरची घरपट्टी

हिंगणघाटच्या कापड गल्लीत सकाळी अकराला डफडं वाजू लागलं. नगरपरिषदेचं वसुली पथक माणिक टेलरच्या दारात उभं होतं. थकलेली घरपट्टी भरेपर्यंत डफडं वाजणार. नाहीच भरली, तर पुढच्या खोलीला सील. त्याच खोलीत आज दोन वर्षांनी शिलाई मशीन सुरू व्हायची होती.

माणिक कागद घेऊनच बाहेर आला.

"मॅडम, कालच कोर्टानं मले दिवाळखोरीतून मोकळं केलं. सारं माफ. हा पाहा हुकूम."

पथकाच्या मोहिनी मॅडमनी हुकूम शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "बँकेचं माफ, व्यापाऱ्यांचं माफ. इथं लिहिलं आहे, कर वगळून. अकरा हजार चारशे, भाऊ."

माणिकची बायको आनंदाबाई आत गेली आणि डबा उपडा करून आली. तीन हजार निघाले.

गर्दी बाजूला झाली. चंद्रभान शेठ पुढं आले. ठोक कापडाचे व्यापारी. कालच्या हुकमानं सगळ्यात जास्त पैसे त्यांचेच बुडाले होते. डफडेवाल्याचा हातसुद्धा हळू झाला.

"माणिक, माहं आता तुह्याकडं काही निघते?"

"नाई, शेठजी." माणिकची मान खाली गेली.

"पक्कं?"

"कोर्टाचा शिक्का आहे."

"सुटलो बाप्पा!" शेठनी खिशातून नोटांची गड्डी काढली. "पंधरा दिवसांवर पोराचं लग्न आहे. दोन वर्षं दुसऱ्याकडून शिवून घेऊन राह्यलो, एक कुर्ता काखेत बसत नाई. पण तुह्याकडं पैसे अडकले असताना येऊ कसा? लोक म्हणाले असते, वसुलीसाठी फुकट शिवून घेते. हे धर. एकवीस कुर्त्यांचा ॲडव्हान्स."

माणिकनं त्यातूनच घरपट्टी मोजून दिली. मोहिनी मॅडमनी पावती फाडली आणि डफडं थांबवायला हात वर केला.

"थांबवता काऊन?" शेठ म्हणाले. "वाजू द्या!"

डफडेवाल्यानं वरातीचा ठेका धरला. आनंदाबाईनं आतून टेप आणून दिला. माणिक भर रस्त्यात शेठचं माप घेऊ लागला. शेठचे खांदे केव्हाच उडायला लागले होते.

"शेठजी, हालू नका. माप चुकते."

"चुकू दे," शेठ म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

माणिकनं टेप त्यांच्या छातीभोवती घेतला, दोन्ही टोकं घट्ट धरली आणि तोही त्यांच्याबरोबर गोल फिरू लागला.