चौथी हाक

आम्ही जळालेली घरं फळ्या ठोकून बंद करतो. नियम असा: शेवटची फळी लावण्याआधी "आत कोणी आहे का?" तीनदा ओरडायचं. आजवर उत्तर एकदाच आलंय, तेही पोपटाचं. "या, बसा," म्हणाला. आज घरमालक काका बघत होते. काल काकूंच्या कानाच्या यंत्रात सेल घालायला ते दुकानात गेले, इकडे घर पेटलं. शेजाऱ्यांच्या हाका झोपलेल्या काकूंपर्यंत पोचल्याच नाहीत. काकू गेल्या, यंत्र काकांच्या मुठीत राहिलं. मी तीनदा ओरडलो. "झालं, ठोक," मिस्त्री म्हणाला. काकांनी माझी बाही धरली. "पोरा, जरा मोठ्याने," ते ओशाळून म्हणाले, "तिला कमी ऐकू येतं." नियमात चौथी हाक नाही. मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. आम्ही दोघांनी मिळून ती हाक मारली. काकांनी यंत्र स्वतःच्या कानात घातलं आणि आम्हाला गप्प राहायची खूण केली.