विणकरांचं बोट

थोरली मुलगी झाली त्या वर्षी बाईंनी शाळा सोडली आणि प्रौढांसाठी वाचनाची पुस्तकं काढणाऱ्या कचेरीत संपादक म्हणून लागल्या. एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातात धडा आणि समोर नवरा.

नवरा गिरणीत मागावर होता. तिशी उलटल्यावर बाईंच्याच वर्गात तो अक्षरं शिकला. वर्गातल्या बाई लग्नानंतर घरातही बाईच राहिल्या. आणि नवऱ्याला बाईंसकट सगळे विणकरच म्हणत.

बाईंची एक पद्धत होती. धडा छापायला देण्याआधी तो विणकरांना समोर बसवून वाचायचा. कळलं नाही तिथे त्यांनी बोट वर करायचं. का कळलं नाही, ते सांगायचं नाही. ते शोधणं बाईंचं काम.

"पाण्याचा अपव्यय टाळणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे," बाई वाचत. बोट वर.

"पाणी वाया घालवू नका." बोट खाली.

विणकर कागदाकडे बघत नसत. पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलासारखे बाईंकडे बघत. कचेरीतल्या सगळ्या पदव्या एकीकडे आणि ते बोट एकीकडे, असा बाईंचा हिशेब होता.

बाकी संसारात मात्र माणूस म्हणजे दगड. थोरली रात्र रात्र रडायची आणि हा गडी शेजारी खुशाल घोरत पडलेला. स्वयंपाकघरातून दहा हाका मारा, ओ म्हणून नाही.

"घुमे आहेत तुझे बाबा," बाई म्हणत.

"घुमे कसले? फक्त तुझ्या धड्यांना जागे असतात," थोरली मोठी झाल्यावर म्हणायची.

थोरलीला नोकरी लागली त्या वर्षी कचेरीत नवे साहेब आले. बाईंचं शेवटचं पुस्तक तयार होतं. ते छापून हातात घ्यायचं आणि मग घरी बसायचं, एवढंच बाईंनी ठरवलं होतं. पण साहेबांनी बाहेरून दुसरंच पुस्तक लिहवून आणलं.

"बाई, तुमचे धडे फार पातळ आहेत हो."

"पातळ असतील. पण शिकणाऱ्याच्या घशाखाली उतरतात."

"कशावरून?"

"आमचे हे ऐकतात. अडलं की बोट वर करतात."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "मग आणा त्यांना. आमचा धडा आम्ही वाचू. बोट वर झालं तर तुमचं पुस्तक छापू. नाही झालं तर आमचं."

बाई निश्चिंत झाल्या. साहेबांचा धडा त्यांनी चाळला होता. विणकर दोन्ही हातांची बोटं वर करतील, अशी त्यांची खात्री होती.

विणकर इस्त्रीचा सदरा घालून आले. साहेबांनी त्यांना टेबलासमोर बसवलं आणि बाईंना मागे भिंतीपाशी. "खाणाखुणा नकोत," म्हणाले. साहेबांच्या सहायकाने कागद तोंडासमोर धरला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात तीन शब्द असे होते, की ते बाईंना दोनदा वाचावे लागले होते.

बोट हललं नाही.

विणकरांनी मान वळवून बाईंना शोधलं. साहेबांनी हातानेच पुढे बघायला सांगितलं. सहायक वाचत राहिला. बोट गुडघ्यावर तसंच. बाईंना वाटलं, उठावं, ओरडावं. पण भिंतीला पाठ लावून त्या बसून राहिल्या.

वाचून झालं. साहेब पुढे वाकले. "कळलं ना सगळं, काका?"

विणकरांनी मान डोलावली. "हो. चांगलं आहे."

घरी आल्यावर बाईंनी ओट्याकडे तोंड करूनच तोफ डागली. "जन्मभर माझा शब्द न् शब्द अडवलात, आणि त्या दगडधोंड्यांना मान डोलावलीत? साहेबाला घाबरलात? बोला ना!"

मागे विणकर टेबल पुसत होते.

बाईंनी बोलणं टाकलं. ताट वाढायचं आणि तोंड फिरवायचं. एकदा विणकर दारात आडवे उभे राहिले. "बाई, एक सांगायचं होतं."

"आता काय सांगणार?" म्हणत बाई त्यांच्या बाजूने निघून गेल्या.

थंडी सुरू झाली आणि विणकरांची छाती भरली. गिरणीतला कापूस इतक्या वर्षांनी वर आला, असं डॉक्टर म्हणाले. इस्पितळात नर्सने बाईंच्या तोंडाला मास्क बांधला. "हा काढायचा नाही हं, आजी. त्यांच्याच भल्यासाठी आहे."

बाई खाटेजवळ बसल्या. न छापलेल्या पुस्तकातला शेवटचा धडा सोबत आणला होता, तो वाचू लागल्या. विणकर त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचं बोट वर झालं.

बाईंनी कागद बाजूला ठेवला. "राहू दे धडा. माझा राग गेलाय, अहो."

बोट वरच.

याहून सोपं काय सांगायचं? "मी चुकले," बाई म्हणाल्या.

बोट वरच. शेवटी नर्सने तो हात चादरीवर नीट ठेवला.

नंतर घरी दुखवट्याला मागाच्या खात्यातले एक जुने सोबती आले. हातवारे करत, मोठ्या आवाजात बोलत होते. "खात्यात गोंगाट इतका, की आम्ही सगळे ओठ बघूनच बोलायचो, बाई. आमचे कान थोडे थोडे बसले, त्याचे पार गेले. कळलं तर कामावरून काढतील म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून लपवलं. पण हे तुम्हाला कशाला सांगतोय मी? तुम्ही तर घरच्याच."

"केव्हा?" बाईंनी विचारलं.

विणकर वारले ते थोरलीला नोकरी लागली त्या वर्षी, थंडीत, एका सोमवारी सकाळी. त्यांचे कान थोरली झाली त्याच वर्षी गेले होते.