दाराच्या आतले चरे

थोरल्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी लोखंडी कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, पहिले चरे उमटले. चकाचक खवळला. गल्लीने त्याला हे नाव उगीच दिलं नव्हतं. उभा जन्म कारखान्यात कपाटांना पॉलिश करण्यात गेलेला. कुणाकडे गेला, की माणसांआधी तो खुर्च्यांचे पाय बघायचा.

"हे कुणी ओरबाडलं?"

"मीच," बायको म्हणाली. ती तेव्हा नुकतीच साक्षरता वर्गाला जाऊ लागली होती. "तुम्हीही वर्गाला चला, मग सांगते."

"तिथली बाई मला चरे काढायला शिकवणार होय?"

त्याने फडक्यावर बोटभर पॉलिश घेतलं, गोल गोल हात फिरवला. दार आरसा झालं. महिन्याभराने पुन्हा चरे. याने पुन्हा काढले. असं चार वर्षं चाललं. वरचे चरे दर वेळी वेगळे असत, खालचे मात्र तेच. खाली लोंबणाऱ्या दोन शेपट्या. डोळे मिटूनही ते त्याच्या बोटांना कळत. ही अक्कल तो चारचौघांत मिरवायचा.

पुढे घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा तो मुकाट्याने वर्गात जाऊन बसला. पहिल्या आठवड्यात त्याने आठ अक्षरं गिरवली, आणि बाईंच्या टेबलावरचा एक चराही काढून दिला.

शनिवारी बाईंनी जाता जाता फळ्यावर तळाशी दोन शब्द लिहिले. चकाचक उठला. त्या शब्दांवरून बोट फिरवलं. खाली लोंबणाऱ्या दोन शेपट्यांपाशी बोट थांबलं.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"'पुसू नका.' झाडायला मावशी येतात ना, त्यांच्यासाठी."

"आणि याच्या वर काय लिहितात?"

"ज्याला जे ठेवायचं असेल, ते."

घरी येऊन त्याने कपाट उघडलं. तिरप्या उजेडात दार न्याहाळलं, बोटं फिरवली, नखाने चाचपलं. एक रेघ सापडेना. सगळ्या आयुष्यात इतकं चोख काम त्याच्या हातून झालं नव्हतं. दारात एक म्हातारा तेवढा दिसत होता, चकचकीत.

शेवटचे चरे त्याने बायको दवाखान्यात असताना काढले होते, घरी आल्यावर तिला कपाट नवं दिसावं म्हणून. ती गेल्या वर्षी, जुळ्या नातींना पाचवं लागलं त्या महिन्यात, दवाखान्यातच वारली.