द्वाड भाग

"तो भाग सोडून द्या, वाघचौरे. नगण्य आहे," पहिल्या रांगेतून टिल्लू सर म्हणाले.

प्रबंध सादर करण्याआधीचा माझा शेवटचा सेमिनार होता आणि सर माझे गाइड. फळ्यावर मी एका फंक्शनचे दोन भाग केले होते. एक शहाणा, कुठेही मर्यादा न सोडणारा. दुसरा द्वाड, मोजक्याच जागी उसळणारा. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'टिल्लू प्रमेय'. वीस वर्षांपूर्वी सरांनी हाच द्वाड भाग नगण्य म्हणून सोडला होता, आणि तेव्हापासून आमच्या विभागात ते प्रमेय तसंच शिकवलं जात होतं.

"सोडता येत नाही, सर," मी म्हणाले. "इंटिग्रल घेतलं की तोच हाताबाहेर जातो. तुमचं प्रमेय इथे मोडतं."

मागे कुणीतरी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"तुमच्या प्रबंधावर माझी सही लागते, ठाऊक आहे ना?"

मी डस्टर त्यांच्यासमोर धरलं. "यातली चुकीची ओळ पुसा. मी लगेच खाली बसते."

सर उठले. पहिल्या ओळीपासून बोट ठेवत वाचत गेले. मध्येच दोनदा मागे आले. शेवटच्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. मी शेजारी उभीच होते.

मग टाचा उंचावून त्यांनी सगळ्यात वरचं स्वतःचं नाव पुसलं.