गोदामातली पहारेकरीण

“काका, आता मारा. ती पाठमोरी आहे.”

काकांनी मारलं नाही. टीव्हीवरचा काळ्या मुखवट्याचा वीर खोक्यांच्या आड दबून बसला आणि गोदामाची पहारेकरीण बॅटरी हलवत त्याच्या नाकासमोरून निघून गेली. शेजारी बसलेल्या फिजिओथेरपिस्टने मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

व्हिडिओ गेमची कल्पना तिचीच होती. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काकांच्या उजव्या हाताची बोटं रुसून बसली होती. रबरी चेंडू दाबायला दिला की काका जांभया देत. मग तिने काकांच्या मुलाचं जुनं गेमचं यंत्र माळ्यावरून काढायला लावलं. खेळ कुठला, ते मात्र काकांनी ठरवलं. काकू पूर्वी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होत्या, तिथून मिळालेला, चक्क मराठी बोलणारा खेळ कपाटात पडून होता.

त्यातल्या वीराला दोन वाटा होत्या. एक तर ठोसे-लाथा हाणत शत्रूच्या अड्ड्यात शिरायचं, नाहीतर अंधारातून, कुणाला चाहूल न लागू देता. फिजिओला मारामारी हवी होती. प्रत्येक ठोशाला उजव्या हाताने बटणं दाबावी लागत, बोटं वळत. लपतछपत जायला डावा अंगठा पुरे.

आणि काका लपत होते.

“आयुष्यभर बस चालवली,” ते म्हणाले. “कुणाला साधा धक्का लावला नाही. आता म्हातारपणी बाईमाणसावर हात उचलू?”

“बाई नाही हो ती, चित्र आहे.”

“असेल.”

बरं, लपून निदान पुढे तरी जावं. तेही नाही. काका मुद्दाम वीराला कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंपावर धडकवत. पहारेकरीण गर्रकन वळे. “कोण आहे तिकडे? लपून बसायची सवय काही जायची नाही तुझी.” मग ती तिथेच घुटमळत स्वतःशी कुरकुरे, “पाय दुखले बाई. इथे कुणी बस म्हणून म्हणत नाही.” काकांच्या चेहऱ्यावर हसू फुटे. तेवढ्यात ती त्यांना पकडे आणि खेळ पुन्हा गोदामाच्या दारापासून सुरू होई. दर खेपेला हेच.

फिजिओ चिडायची, ती जीव लागला होता म्हणून. जे काय सुधारायचं ते या दोन-तीन महिन्यांतच, असं मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नंतर हात असाच राहणार, लोंबकळता. आणि काका होते की पिंपं बडवत बसले होते.

त्यात घरातला तो अबोला. खेळाचा आवाज सुरू झाला की काकू दाराशी येऊन उभ्या राहत. भर उकाड्यात गळ्याभोवती स्कार्फ, चेहरा गंभीर. थोडा वेळ पडद्याकडे बघत आणि परत फिरत. नवऱ्याशी एक शब्द नाही. पाणी आणलं तर चमच्याने चौकटीवर टकटक करत आणि ग्लास ठेवून जात. आजारी माणसावर इतका राग धरतात का, असं फिजिओला वाटून गेलं. शेवटी तिला राहवलं नाही.

“काकूंचं काही बिनसलंय का?”

“भांडून भांडून दमली असेल,” काका म्हणाले. त्यांनी नजर पडद्यावरून काढली नाही. “फार बोलायची हो. मी बसमधून उतरलो की शांतता मिळायची, घरात शिरलो की संपली. वैतागायचो तेव्हा.”

पडद्यावरचं पिंप पुन्हा खणखणलं.

आता मात्र फिजिओचा धीर सुटला. “द्या इकडे. आज मी खेळते, तुम्ही नुसते बघा.”

तिने त्यांच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. वीराला सावलीतून पहारेकरणीच्या मागे नेलं आणि सणसणीत ठोसा लगावला. “आई गं,” पहारेकरीण कळवळून गुडघ्यावर आली. दुसरा ठोसा उगारला, तोच फिजिओच्या मनगटाला हिसका बसला.

काकांचा हात होता. उजवा. पाचही बोटं तिच्या मनगटाभोवती घट्ट मिटली होती.

ती बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. “काका, मूठ वळली तुमची.”

“तिला मारू नका.”

“अहो, खेळ आहे.”

“उठू दे तिला,” काका म्हणाले. “बोलू दे.”

तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला. पहारेकरीण उठली, कपडे झटकले, अंधारात डोळे ताणून बघू लागली. “कोण आहे तिकडे? लपून बसायची सवय काही जायची नाही तुझी.”

मागे चमचा खाली पडला म्हणून फिजिओने वळून पाहिलं. काकू दारात होत्या. स्कार्फ खांद्यावर घसरला होता आणि गळ्यावर आडवा, टाक्यांचा व्रण दिसत होता. टीव्हीतली पहारेकरीण पाय दुखल्याची तक्रार करत होती, आणि तिच्या शब्दाशब्दाबरोबर काकूंचे ओठ हलत होते, जराही आवाज न करता.