मार्गदर्शकाचा बिल्ला

“बाई, तिथंच थांबा. एक पाऊलही पुढं टाकू नका.”

बाईंचा उचललेला पाय जागीच खाली आला. निसर्ग-मार्गदर्शकांच्या कितीतरी तुकड्या त्यांनी तयार केल्या होत्या. पण परीक्षा देणाऱ्या मुलीनं परीक्षक बाईलाच दटावावं, हे पहिल्यांदा घडत होतं. वर्गात तिला सगळे मिरची म्हणायचे ते उगाच नाही.

“का गं? मी काय पाहुणी आहे?”

“आज आहात. आज वाट माझी.”

नियम खरा होता आणि तो बाईंनीच केलेला होता. शेवटच्या परीक्षेत विद्यार्थी मार्गदर्शक, बाकीचे सगळे पर्यटक. बाई हाताची घडी घालून फुरंगटून तिथंच उभ्या राहिल्या.

मागून धापा टाकत साहेब आले. मार्गदर्शकांना बिल्ला देणाऱ्या समितीचे हे सदस्य. गळ्यात हातभर लांब लेन्स. बिल्ल्याशिवाय या जंगलात कुणाला फिरवता येत नसे, आणि मिरचीनं त्यासाठी चांगली पगाराची नोकरी सोडली होती. घरी मामा रोज जेवताना विचारायचा, “काय मग, झालात का पाखरांच्या मास्तरीणबाई?”

साहेबांना हवा होता रातवा. अंधार पडल्यावर उडणारा आणि दिवसभर जमिनीवर निपचित बसून राहणारा पक्षी. यंदा तो इथं अंड्यांवर बसलाय, अशी कुणकुण त्यांना लागली होती. नेमकी जागा मात्र एकट्या मिरचीला ठाऊक होती. अंडी ज्याला सापडली त्यानं ती जागा कुणालाही सांगायची नाही, शिकवणाऱ्यालासुद्धा नाही, हाही बाईंचाच नियम.

“हं, चल, दाखव,” साहेब म्हणाले.

“अंड्यांवरचा पक्षी दाखवत नाही आम्ही, साहेब.”

“अगं, लांबून. एकच फोटो.”

“लांबूनच काढायचा तर घरून काढायचा होता.”

बाईंना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

“बिल्ला हवाय ना तुला?” साहेबांचा आवाज खाली आला.

“हवाय. अंड्यांच्या भावात नकोय.”

इथवर बाई खूश होत्या. मग मिरचीनं घोळ घातला. साहेब वाकून आजूबाजूला बघायला लागले मात्र, ती वाट सोडून पळाली आणि पलीकडच्या काटेरी जाळीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

“इकडं यायचं नाही!”

बाईंनी कपाळाला हात लावला. पहिल्याच दिवशीचा धडा होता तो. जे राखायचंय त्याच्यासमोर कधी उभं राहू नका, तिकडं नजरसुद्धा वळवू नका. आपलं अंगच पाटी होऊन बसतं.

साहेबांनी पाटी वाचली. “अस्सं! म्हणजे इथं आहे तर.”

“नाही! मागं फिरा म्हणते ना!”

“मिरचे, तोंड मिट आधी!” बाई ओरडल्या.

“नाही मिटणार! आणि तुम्ही मध्ये पडू नका, बाई. आहात तिथंच राहा!”

दुसऱ्यांदा. बाईंच्या कानांपर्यंत रक्त चढलं.

साहेब तिला वळसा घालून रांगत जाळीत शिरले. मिरची बाहेरून बोंबा मारत होती. हे नियमाविरुद्ध आहे, मी वर तक्रार करीन, पेपरात देईन, घाबरत नाही मी कुणाला! बाईंचे कान मात्र जाळीकडे होते. आता गुडघ्याखाली अंडी चिरडतील, आता चिरडतील.

साहेब बाहेर आले ते शर्टाची बाही फाडून आणि कानावर ओरखडा घेऊन. लेन्समध्ये माती.

“काही नाही आत! या पोरीच्या कोकलण्यानं उडाला असणार. ए मुली, बिल्ला विसर आता.”

“विसरले. तुम्ही वाट विसरू नका. गाडी डावीकडं आहे.”

साहेब पाय आपटत उतारावरून दिसेनासे झाले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं मिरचीनं हात खाली घेतले.

“समितीचं मी बघते,” बाई म्हणाल्या. “धमकी दिलीय त्यांनी, मीही सोडणार नाही. पण माझ्याकडून तू नापास. अगं, जाळीसमोर जाऊन उभी राहतेस? पहिलाच धडा विसरलीस!”

“नाही विसरले, बाई.”

“मग काय होतं ते? चल, निघू या.”

“बाई, हलू नका!” मिरची या वेळी कुजबुजली. “हळूच खाली बघा.”

बाईंनी मान खाली घातली. त्यांच्या डाव्या बुटाला लागून पडलेल्या पाचोळ्यानं एक डोळा किलकिला केला.